बोलघेवड्याची ड्यूटी

आमच्या स्टाफ बसमध्ये किस्से साचतच जातात. बस प्रताप नगरच्या चौकातून निघते, सगळं शहर पार करते आणि मग कुठे आमचं पॉवर स्टेशन येतं. संध्याकाळी तेवढाच रस्ता उलटा. पेपर वाचून होतो, मोबाइलची रेंज जाते, झोप काही लागत नाही. मग कोणीतरी म्हणतं, "त्या दिवशीची गोष्ट आठवते का?" आणि जुन्या किश्शात एका नव्या किश्शाची भर पडते. पॉवर स्टेशनचं नाव मात्र मी सांगणार नाही. सांगितलं तर उद्यापासून मला बसमध्ये उभं राहून जावं लागेल!

या किश्शांमध्ये एक माणूस हमखास असतो. बारापात्रे. आमच्या बॉयलर मेंटेनन्समधले टेक्निशियन, पन्नाशी ओलांडलेले, अंगाने किरकोळ. आवाज मात्र अंगाला न शोभणारा, जाड आणि न थांबणारा. बस सुरू झाली की ते सुरू होतात. बस थांबली तरी त्यांचं वाक्य संपलेलं नसतं, ते उरलेलं वाक्य घेऊनच खाली उतरतात. विषय बहुतेक एकच, त्यांचा उमरेडचा साळा, म्हणजे बायकोचा भाऊ. या साळ्याला आमच्यापैकी कोणीही पाहिलेलं नाही. पण त्याची स्कूटर, त्याची सासू आणि त्याचा पित्ताचा त्रास आम्हाला घरच्यासारखा माहीत आहे. म्हणजे, माहीत असायला पाहिजे होता. कारण ऐकत कोणीच नाही.

अशा माणसाला नेमकं काय म्हणायचं, यावर एकदा बसमध्ये चांगलीच जुंपली. बोलकं म्हणजे लहान मूल, पाहुण्यांसमोर नाव-गाव धडाधड सांगणारं. गप्पिष्ट म्हणजे ज्याच्याकडे आपण आपणहून जाऊन बसतो तो. बडबड्या कोणालाही तोंडावर म्हणता येतं, राग येत नाही. वाचाळ हे पेपरवाले पुढाऱ्यांसाठी राखून ठेवतात. मग बोलघेवडा कोण?

"जो नुसता बोलते, करत काही नाही, तो," वासनिक म्हणाले.

वासनिक आमचे फिटर. दिवसाकाठी मोजके शब्द वापरणारा माणूस. त्यांनी एवढं लांब वाक्य बोलल्यावर चर्चा तिथेच संपली.

"मंग मी बोलघेवडा नाही," बारापात्रे म्हणाले. "मी करतो बी अन् बोलतो बी. आता माह्या साळ्याचंच पाहा..."

आम्ही सगळे खिडकीबाहेर पाहू लागलो.

* * *

आमच्या स्टोअरकीपरच्या मुलीचं लग्न होतं, रिंग रोडवरच्या एका लॉनमध्ये. बसमधली आम्ही सगळी मंडळी एकत्रच गेलो. वर्गणी काढून छान डिनर सेट घेतला होता, तो वासनिकांच्या हातात.

गेटमधून आत शिरताना बारापात्रे म्हणाले, "साहेब, हे आपलं लग्न नाही वाटून राहिलं मले."

"हो हो," मी म्हणालो. माझं लक्ष जेवणाच्या रांगेकडे होतं. कोथिंबिरीची गरमागरम सांबारवडी निघत होती.

पुढे पापडाच्या टेबलाजवळ बारापात्रे परत काहीतरी म्हणाले. त्यात नवरदेवाचं नाव होतं, बोर्ड होता, साळ्याच्या लग्नात असंच कसं झालं होतं तेही होतं. मी परत "हो हो" म्हणालो. स्टेजवर जाऊन आम्ही डिनर सेट दिला, नवरा-नवरीच्या मागे ओळीने उभे राहिलो, फोटो काढला. नवरी गोड हसली. वासनिकही हसले, हे विशेष!

परत वडाभाताकडे वळलो तर माझा फोन वाजला. स्टोअरकीपर होते. "अहो, कुठं राहिले तुम्ही सगळे? मी केव्हाचा गेटवर उभा हाय!"

"आम्ही जेवून राहिलो!"

"कुठं?"

स्टोअरकीपरच्या मुलीचं लग्न शेजारच्या लॉनमध्ये होतं. दोन लॉनची कंपाउंडची भिंत एक, दोन्हीकडचा बँड एकाच वेळी वाजत होता. डिनर सेट परत मागायची हिंमत कोणाची होणार? घामाघूम होऊन आम्ही मागच्या बाजूने बाहेर पडलो आणि सगळे मिळून बारापात्रेंवर तुटून पडलो. "अहो, तुमच्या लक्षात आलं होतं तर सांगायचं ना!"

बारापात्रेंना खरंच वाईट वाटलं. त्यांचा चेहरा उतरला.

"दोनदा सांगतलं ना बावा! एकदा गेटवर, एकदा पापडापाशी!"

* * *

आता मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल. मी घाबरट माणूस आहे. गॅस बंद केला का हे पाहायला जिन्यावरून परत येणाऱ्यांतला. लिफ्टमध्ये मी दाराजवळच उभा राहतो. सिनेमा हॉलमध्ये कडेची खुर्ची घेतो. आणि नशिबाने मला नोकरी दिली बॉयलर मेंटेनन्समध्ये.

बॉयलर वर्षातून एकदा दुरुस्तीसाठी बंद करतात, त्याला आम्ही शटडाऊन म्हणतो. थंड झाला की माणसं आत जातात. आत जायचं ते मॅनहोलमधून. खांदे तिरके केल्याशिवाय त्यातून जाता येत नाही. आत अंधार, राख, चारही बाजूंनी लोखंड. बाहेरचा आवाज आत फारसा येत नाही, वायरलेस तर मुळीच चालत नाही. म्हणून नियम असा की आत माणूस असेपर्यंत मॅनहोलच्या तोंडाशी बाहेर एक माणूस उभा पाहिजे. त्याने आतल्यांची खबर घेत राहायचं. ती जागा सोडून त्याने हलायचं नाही.

मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा नवीन होतो. गुडघ्यांवर रांगत वळणापर्यंत गेलो, मागे पाहिलं, तर मॅनहोलचा उजेड दिसेना. छातीवर कोणी बसल्यासारखं झालं. हेल्मेट काढून फेकावंसं वाटलं. श्वास घ्यायचा कसा, हेच मी विसरलो. बरोबर वासनिक होते, पण त्यांच्याकडून धीराचा शब्द मिळणं अवघडच. आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"...अन् मंग साळ्यानं का केलं, स्कूटर घेतली अन् थेट सासूच्या घरी! सासू म्हणते, जावईबापू, असे अचानक काहून आले? हा म्हणते, पेट्रोल संपलं..."

त्या दिवशी मॅनहोलवर बारापात्रे होते. पुढे त्या सासूचं काय झालं मला माहीत नाही. मी ते ऐकलंच नाही. पण आवाज येत राहिला तसा माझा श्वासही परत यायला लागला. मी काम करून बाहेर आलो. घरी गेल्यावर बायको म्हणाली, "तुमचा शर्ट पिळून काढता येईल!" त्यानंतर मी एकदाही बारापात्रेंशिवाय आत गेलेलो नाही.

मला वाटायचं, हे माझं गुपित आहे. मग हळूहळू लक्षात आलं, आत जाणारा प्रत्येकजण परमिटच्या कागदावर सही करताना हळूच विचारतो, "बाहेर कोण हाय आज?" बारापात्रे आहेत म्हटलं की खाली बसून बूट आवळायला लागतो.

* * *

एकदा बारापात्रेंची अक्कलदाढ काढली. तीही अशी अडकलेली, की डॉक्टरांना टाके घालावे लागले. डॉक्टरांनी सांगितलं, दोन दिवस बोलायचं नाही. हे आम्हाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बारापात्रे नेहमीसारखे बसमध्ये चढले आणि खिडकीशी बसले. मी पेपर वाचत होतो. सदरच्या चौकापर्यंत आलो तरी माझं एक पान वाचून झालं नव्हतं. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, काय ते कळेना. गाडीचा आवाज वेगळा येतोय का? डिझेलचा वास येतोय का? मी इकडेतिकडे पाहिलं तर बाकीचेही चुळबुळ करत होते. कोणी खिडकी उघडली, कोणी परत लावली.

पुढे पेट्रोल पंपापाशी ड्रायव्हरने बस कडेला घेतली आणि मागे वळला. "काका कुठं सुटले काय? त्याइचा आवाज काहून नाही येऊन राहिला?"

सगळे वळले. बारापात्रे आपल्या जागेवर होते. गाल सुजलेला, तोंड बंद. त्यांनी हात हलवून काहीतरी खूण केली, ती कोणालाच समजली नाही.

"मेमो मिळाला का?"

"घरी सगळं बरं हाय ना?"

"पोरीच्या सासरी काही?"

ते प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होते. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे कळत नव्हतं. शेवटी एका शहाण्याने त्यांच्या घरी फोन लावला. "वहिनी, बारापात्रे काही बोलून नाही राहिले..."

झालं! वहिनींना एवढंच ऐकू आलं. त्यांनी शेजारणीला घेतलं, ऑटो पकडली आणि आमच्या मागोमाग थेट प्लांटच्या गेटवर! तिथे सिक्युरिटीवाला आत सोडेना. वहिनींचं रडणं थांबेना. बारापात्रेंना गेटवर आणून उभं केलं, तरी त्यांचा विश्वास बसेना. त्या नुसत्या त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"बोला ना! काहून नाही बोलून राहिले तुमी?"

शेवटी बारापात्रेंनी तोंडातला कापसाचा बोळा काढला.

"मी बरा हाय वं, माय! दाढ काढली ना काल, तुह्या समोरच त काढली!"

टाका तुटला. परत डॉक्टरकडे न्यावं लागलं. पण बसमध्ये त्या संध्याकाळी त्यांचा आवाज परत सुरू झाला आणि सगळ्यांना छान झोप लागली.

* * *

माझ्या बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलमध्ये. छोटं ऑपरेशन आहे, असं डॉक्टर सांगत होते. आपल्या माणसाचं ऑपरेशन कधी छोटं असतं का? तिला आत नेलं, दार लागलं आणि मला पुन्हा त्या बॉयलरमध्ये असल्यासारखं वाटलं. बसता येईना, उभं राहता येईना. पाण्याची बाटली हातात धरून मी नुसता फिरत होतो.

तेवढ्यात बारापात्रे आले. डबा घेऊन आले होते, पण डबा बाजूला राहिला. माझ्या शेजारी बसून त्यांनी सुरुवात केली. बाकी पेशंटचे नातेवाईक कपाळाला आठ्या घालून पाहायला लागले. सिस्टर बाहेर आल्या. "काका, हे हॉस्पिटल आहे. बोलायचं असेल तर खाली जा." बारापात्रे बिचारे उठून खाली गेले.

हॉल शांत झाला. घड्याळाचा काटा ऐकू यायला लागला. आतून कुठलं तरी मशीन एकसारखं वाजत होतं तेही. समोरच्या बाईंनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. मग कोपऱ्यात बसलेले एक म्हातारे गृहस्थ उठून माझ्याजवळ आले. त्यांचा मुलगा आत होता.

"ते भाऊ गेले काय गा?"

"खाली आहेत."

"बोलवून घ्या ना त्याइले."

मी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "हळू आवाजात!"

बारापात्रे परत येऊन बसले. ते त्या दिवशी काय बोलले ते विचाराल तर मला एकच गोष्ट आठवते. त्यांच्या लहानपणी उमरेडला घरात माग होते. वडील आणि काका दिवसभर विणायचे. "दिवसभर खटखट खटखट! त्याच्यात आमी झोपत होतो, अभ्यास करत होतो. माग चालू असला का कोणी कान देत नाही साहेब. पण थांबला रे थांबला, का माय स्वयंपाकघरातून उठून ये, धागा तुटला असनं म्हणून." मग ते मागावरून धोतरावर गेले, धोतरावरून साळ्याच्या हळदीवर. तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, सगळं व्यवस्थित झालं. मी तिथेच रडलो. बारापात्रे हळदीचं सांगत राहिले.

* * *

दोन वर्षांपूर्वी साठे साहेब आमच्याकडे बदलून आले. पुण्याचे. हुशार, शिस्तीचे, हेल्मेटचा पट्टा कायम आवळलेला. शटडाऊनच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मॅनहोलवर उभ्या बारापात्रेंना ऐकलं. पूर्ण ऐकलं. असं आजवर कोणी केलं नव्हतं!

मीटिंगमध्ये ते म्हणाले, "मॅनहोलवर असला बोलघेवडा माणूस चालणार नाही. आतला माणूस विचलित होतो. तिथे सावध, शांत माणूस पाहिजे. ठरावीक वेळाने विचारायचं, 'ठीक?' आतून उत्तर येईल, 'ठीक.' बस."

बारापात्रे मीटिंगला होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "साहेब, बोलघेवडा म्हणजे जो करत काही नाही तो ना?" मी म्हटलं, "अहो, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं." पण त्यांना लागलं होतं. त्यांना वर्कशॉपमध्ये बसवलं आणि मॅनहोलवर धोटे आले.

धोटे हा फार गुणी मुलगा. इतका शांत, की हजेरी घेताना त्याच्या नावापाशी दरवेळी मान वर करून पाहावं लागतं. वासनिक आत गेले. थोड्या वेळाने बाहेर आले.

"काय झालं?" धोटेने विचारलं.

"तू हायेस का गेला, पाहाले आलो."

परत आत गेले. परत बाहेर आले. "हायेस ना?" आत जातात आणि बाहेर येतात. सकाळचं काम संध्याकाळपर्यंत लांबलं. दुसऱ्या दिवशी तर वासनिक मॅनहोलपाशी सरळ डबा उघडून बसले. "मी नाही जात."

साठे साहेब स्वतः तिथे आले. "अहो वासनिक, तो बारापात्रे काय बोलतो ते तुम्ही ऐकता तरी का?"

"नाही."

"मग अडलंय कुठे?"

वासनिकांनी पोळीचा घास संपवला. "तिकून आवाज येते म्हणजे तिकडं दार हाय."

साहेबांना ते पटलं नाही. "मी जातो आत. धोटे, तू उभा राहा." हेल्मेटचा पट्टा तपासून ते आत गेले. आम्ही बाहेर उभे राहिलो. मला त्यांची काळजी वाटायला लागली. धोटेने अगदी नियमाप्रमाणे विचारलं, "ठीक?" पण ते इतक्या हळू, की मलाही जेमतेम ऐकू आलं. आतून उत्तर नाही. आणि लगेच मॅनहोलमधून आधी हेल्मेट, मग साहेब, जमेल तितक्या वेगाने बाहेर! चेहरा राखेने काळा आणि त्यातून घामाचे ओघळ.

साहेबांनी हात धुतले आणि ते पाणी प्यायले.

"बारापात्रेंना बोलवा," ते म्हणाले. "पण विषय मर्यादित ठेवायला सांगा!"

बारापात्रे आले. निरोप ऐकून म्हणाले, "मर्यादितच हाय ना साहेब. एकच त साळा हाय मले!"

* * *

आणि मग ते गेल्या शटडाऊनचं.

दुपारची वेळ. बॉयलरचा धूर चिमणीकडे नेणारा एक मोठा डक्ट असतो, लोखंडी बोगदाच म्हणा. त्याचे पत्रे झिजले होते, ते तपासायला आम्ही तिघं आत गेलो होतो. वासनिक, साठे साहेब आणि मी. शेजारचं युनिट, म्हणजे दुसरा बॉयलर, चालू होतं. त्या युनिटचा धूरही त्याच चिमणीत जातो. दोघांच्या मध्ये एक जाड लोखंडी गेट असतं. ते बंद असतं म्हणूनच आमच्या बाजूला माणूस जाऊ शकतो. परमिटवर ते गेट बंद असल्याची सही असते. मी ती सही वाचली होती. परत जाऊनही वाचली होती. पलीकडे, त्या गेटच्या मागे, चालू युनिटचा धूर घरघरत होता. तो आवाज पायातून वर येत होता.

मॅनहोलवर बारापात्रे होते. कंट्रोल रूमचा फोन त्यांच्या शेजारच्या खांबावर.

आम्ही वळण ओलांडून बरेच आत गेलो. वासनिक सगळ्यात पुढे, मध्ये साठे साहेब, मागे मी. मी पत्र्याची जाडी मोजत होतो, साहेब आकडे लिहून घेत होते. मागून आवाज येत होता.

"...साळा म्हणते, भाऊजी, पोरगी तर पसंत हाय, पण घर लय लांब हाय. म्या म्हटलं, लांब हाय त बस करून जाऊ! लग्न का रोज करा लागते काय? तर त्याची बायको म्हणते..."

हातदिवा थोडा मिणमिणला, परत नीट झाला. मी मोजत राहिलो. मागे फोनची घंटी वाजल्यासारखं वाटलं. मग परत आवाज सुरू झाला. साळा, बस, लग्न, कंट्रोल रूम, गेट, बाहेर. मी नेहमीसारखं "हो हो" म्हणालो. साहेबांनी पुढचा आकडा विचारला. परत तोच आवाज, थोडा जोरात. काहीतरी गेट, काहीतरी या. लोखंडात घुमून त्याचा नुसता गोळा होऊन आमच्यापर्यंत येत होता. मी परत "हो हो" म्हणालो.

मग आवाज थांबला.

साहेबांचं पेन थांबलं. माझा हात पत्र्यावर होता तिथेच राहिला. मला वाटलं, श्वास घेत असतील. मला वाटलं, पाणी पीत असतील. पण आवाज काही येईना. फक्त पलीकडची घरघर, आणि ती मला आता जास्त जवळ वाटायला लागली.

"बारापात्रे?" साहेबांनी हाक मारली. उत्तर नाही.

माझ्या मनात काय काय येऊन गेलं! त्यांना चक्कर आली. त्यांना हार्टचा झटका आला. ते गेले आणि आपण इथे राहिलो. दार कोणीकडे होतं? डावीकडून आलो होतो की उजवीकडून? मला बायको आठवली, हॉस्पिटलचं ते दार आठवलं.

पुढून पाना खाली पडल्याचा आवाज आला. वासनिकांच्या हातातून पाना पडलेला मी कधी पाहिला नव्हता. तो त्यांनी टाकला होता.

"चला," ते म्हणाले.

कोणी काही विचारलं नाही. साहेबांची वही तिथेच राहिली, माझं मीटर तिथेच राहिलं. मी सगळ्यात मागे होतो, म्हणून परतताना सगळ्यात पुढे झालो. मी आयुष्यात इतक्या वेगाने कधी रांगलो नसेन. गुडघे सोलवटले. वळण आलं, वळणानंतर उजेडाचा गोल दिसला. मी खांदे तिरके केले आणि बाहेर पडलो. माझ्यामागे साहेब आले आणि साहेबांच्या मागे वासनिक.

बारापात्रे मॅनहोलला लागूनच उभे होते. एका हाताने त्याची कड घट्ट धरलेली, दुसऱ्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलेलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी तोंडावरचा हात काढला आणि प्रत्येकाच्या हेल्मेटवर ठेवला. माझ्या, साहेबांच्या, वासनिकांच्या. मग खांबावरच्या फोनमध्ये म्हणाले, "आले. तिघं बी आले."

आम्ही धापा टाकत खाली बसलो. मॅनहोलच्या तोंडाशी हात पुसायचं एक फडकं लटकत होतं. ते हललं, मग फडफडायला लागलं. आतून गरम वारा येत होता, गंधकाच्या वासाचा. वाऱ्याचा जोर वाढत गेला आणि फडकं उडून पलीकडे जाऊन पडलं. वासनिक उठले आणि लांब जाऊन बसले. मी उठू शकलो नाही. बारापात्रेंनी मला बगलेत धरून बाजूला ओढलं.

खांबावरच्या लटकत्या फोनमधून कंट्रोल रूमवाला अजून ओरडत होता, "गेट हललं, कोणी आत जाऊ नका!" साठे साहेबांचा खोकला थांबायला वेळ लागला. थांबल्यावर ते एकदम ओरडले. राग होता की भीती, मला कळलं नाही.

"अहो बारापात्रे! एवढा कंट्रोल रूमचा फोन आला, गेट हललं म्हणून, आणि तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?"

बारापात्रेंनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"दोनदा सांगतलं साहेब. मंग चूप बसलो."